इंझोरीच्या भिंतीवरचा ण

अक्षर शुभ नसतं आणि अशुभही नसतं. हे मी चाळीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आलो, आणि तीच चाळीस वर्षं हरेक दुकानाच्या पाटीवर मुकाट्यानं आधी श्री काढत आलो. आता टपरी बंद केली आहे, कोणाची भीड ठेवायचं कारण उरलेलं नाही, म्हणून खरं ते लिहून टाकतो.

मी पेंटर. चित्रांचा नव्हे, अक्षरांचा. मानोऱ्याला बसस्टँडच्या मागं माझी टपरी होती. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ग्रामपंचायतीचे फलक, लग्नघराच्या दारावरची नावं, असं सगळं काम. फ्लेक्स यायच्या आधी अनसिंगपासून इंझोरीपर्यंत कोणत्याही गावात उभं राहून वाचायला लागलं तर निम्मं गाव माझ्या हातचं होतं. ही फुशारकी आहे का? आहे. थोडी मारू द्या. माझ्या आजोबाला अक्षराच्या जवळपास कोणी उभं राहू दिलं नव्हतं. धर्मांतरानंतर आमच्या घरात पहिली पाटी-पेन्सिल आली, वडील चौथीपर्यंत शिकले, आणि मी ज्या ओट्यांवर आजोबा कधी चढला नाही त्या ओट्यांवर शिडी लावून, पाय पसरून, वरून खाली मालकाकडं बघत अक्षरं काढली. मालक खालून म्हणायचा, "पेंटर, च्या घेता काय?" त्याची मजा काय असते ते दुसऱ्याला सांगून कळत नाही.

काम समजायला सोपं आहे. गेरूत बुडवलेलं सूत भिंतीवर दोन टोकांना ताणून धरायचं आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायचं. सटकन सरळ रेघ उमटते. ही अक्षरांची वरची रेघ. इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली वरून लटकतात, दोरीवर धुणं लटकतं तशी. म्हणून रेघ चुकली की पुढचं सगळं चुकलं. मग खडूनं आखणी, मग रंग. डाव्या हातात काठी आडवी धरायची, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं आणि दांडा वरून खाली एका दमात ओढायचा. मध्ये थांबलात की तिथं गाठ पडते. ती गाठ गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही आणि पेंटरला जन्मभर दिसते.

मी हे वाशीमला एका उस्तादाकडं शिकलो. तो उर्दू आणि मराठी दोन्ही लिहायचा. पहिले सहा महिने त्यानं मला फक्त उभे दांडे काढायला लावले. म्हणायचा, "बेटा, अलिफ को देख. सीधा खडा है. अगले हर्फ का हाथ नहीं पकडता." खरंच, उर्दूत अलिफ हे पहिलं अक्षर पुढच्या अक्षराला जोडत नाहीत. हरेक हर्फाला एक आकडा असतो, सातशे शहाऐंशी हा आकडाही तसाच अक्षरांची बेरीज करून आला, हे मला त्यानंच सांगितलं. मी विचारलं, "उस्ताद, तुमी हे सगळं मानता?" तो म्हणाला, "मैं सिर्फ ब्रश धोना मानता हूँ." आणि त्या दिवशी मी ब्रश धुतला नव्हता म्हणून माझ्या टाळक्यात एक ठेवून दिली.

पण गिऱ्हाईक मानायचं. एक किराणावाला होता. त्याच्या दुकानाच्या नावात दोन ठिकाणी उकार येत होता. त्याला कोणी तरी सांगितलं होतं की उकार खाली उतरतो, त्याच्यासंगं धंदाही खाली उतरतो. त्यानं बायकोच्या, सुनेच्या, नातीच्या नावांची यादी माझ्यासमोर ठेवली. एकही नाव उकाराशिवाय नाही! शेवटी त्यानं दुकानाला भाच्याचं नाव दिलं, त्यात वर वेलांटी होती. सहा महिन्यांनी भाचा म्हणायला लागला, दुकानावर नाव माझं आहे तर दुकानही माझंच. ते भांडण अजून चालू आहे म्हणतात.

एक हॉटेलवाला 'झ'नं सुरू होणारं नाव घेऊन आला, तेव्हा टपरीवर एक रिटायर्ड गुरुजी बसले होते. त्यांनी हातच जोडले. म्हणाले, "झ जळकं अक्षर हाये, बापा. जुने लोक कवितेची सुरुवात बी झनं करत नोते." हॉटेलवाला म्हणाला, "मले कविता नाई करायची, भजे तळायचे हायेत." मी पाटी काढून दिली. हॉटेल आजही चालतं. भजे मात्र खरंच करपलेले असतात, गुरुजींची तेवढी लाज राहिली.

या सगळ्यांसाठी मी टपरीत पंचांगाचं एक पान ठेवलं होतं. आमच्या घरी पंचांग नाही, मी बौद्ध घरचा माणूस. पण गिऱ्हाईक विचारायचं, "पेंटर, या राशीले कोनतं अक्षर?" म्हणून पान ठेवलं. त्या पानावर सत्तावीस नक्षत्रं असतात, प्रत्येकाचे चार भाग, आणि प्रत्येक भागाला एक अक्षर. लेकरू ज्या भागात जन्मलं त्या अक्षरानं त्याचं नाव ठेवायचं. चू, चे, चो, ला अशी ती रांग सुरू होते. मी ते पान शेकडो वेळा उघडलं असेल, पण रांगेत एक मोठी अडचण आहे हे मला कधी दिसलं नाही. ते मला एका बाईनं दाखवलं. बाकीची गोष्ट तिचीच आहे.

तेव्हा मी काम बंद करायच्या बेतात होतो. माघ संपत आला होता, लाल मिरची बाजारात उतरली होती. सकाळी टपरी उघडून बसलो तर पंचेचाळिशीची एक बाई समोर येऊन उभी राहिली. अंगानं बारीक, आवाज हळू, पण नजर अशी की समोरचाच आधी खाली बघेल.

"पेंटरभाऊ, एक अक्षर काढाचं हाये. इंझोरीले, माह्या भितीवर."

"एक पाटी म्हणा."

"पाटी नाई. एक अक्षर."

तिनं माझ्या पुढ्यातला खडू उचलला आणि टपरीच्या दारावर ण काढला. हात सरावलेला नव्हता, पण तिन्ही दांडे होते.

मी म्हटलं, "याच्या पुढं काय लिहू?"

"पुढं काई नाई."

"ताई, यापासून तं काही सुरूच होत नाही."

"मालूम हाये," ती म्हणाली. "माह्यं नावबी नाई झालं."

मग तिनं सांगितलं. तिचा जन्म हस्त नक्षत्रातला, तिसऱ्या भागातला. बाप पंचांगवाल्याकडं गेला तर अक्षर निघालं ण. णवरून पोरीचं नाव आणायचं कुठून? पंचांगवाला म्हणाला, राशीतलं दुसरं कोणतंही अक्षर घ्या, प घ्या, चालते. पण तिची आजी आडवी आली. म्हणाली, अक्षरानंच नाव देलं नाही तर आपण कायले द्यायचं? नसीबच रिकामं घेऊन आली पोट्टी. बारसं झालंच नाही. घरात बेबी म्हणायला लागले. शाळेत मास्तरनं बेबी लिहिलं. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं बेबीच लिहिलं. आधार कार्डावर बेबी. गावात आता तिला बेबीताई म्हणतात.

मी पान काढून बघितलं. पू, ष, ण, ठ. खरंच होतं. तीन-चार अक्षरं अशी निघाली की ज्यांच्यावरून माणसाचं नाव होऊच शकत नाही. चाळीस वर्षं ते पान माझ्याजवळ होतं आणि त्या भागांमध्ये जन्मलेली लेकरं काय करत असतील हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

बेबीताईनं मिरची-मसाला कांडपाचं मशीन घेतलं होतं. अकोल्याहून मशीन येऊन बसलं होतं, वीज आली होती, रस्त्याकडची भिंत पांढरी करून ठेवली होती. आठ दिवसांनी कांडप सुरू करायचं होतं.

मी म्हटलं, "ताई, कांडप मसाला केंद्र असं लिहू. खाली तुमचं नाव. लोकाईले समजलं तं पायजे."

"लोकाईले वासानंच समजते," ती म्हणाली. "भाऊ, मी पाह्यलं हाये. दळण, कांडण, सारवण, सरपण, पाणी, शेण. बायाईच्या सगळ्या कामात हे अक्षर हाये. पन हमेशा मंधात नाई तं आखरीले. पुढं कदीच नाई. अन् आपल्या गावात तं कोनी ते बोलतबी नाई. आपुन पानीच म्हन्तो, कांडनच म्हन्तो. तोंडात कोनाच्याच नाई, तं भितीवर तरी राहू द्या. एक डाव पुढं राहू द्या."

ते शब्द म्हणताना तिनं ण मुद्दाम जीभ उलटवून म्हटला, शाळेत पुस्तक वाचताना म्हणतात तसा. मी वऱ्हाडात जन्म काढला, हजारो वेळा ण रंगवला आणि पाणी मागताना कायम पानीच मागितलं. मी म्हटलं, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला इंझोरीत पोचलो. बेबीताई मशीनच्या पट्ट्यासाठी कारंज्याला गेली होती. घरी तिची सासू होती, गयाबाई. पंच्याहत्तरीची बुढी, पाठीत वाकलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. रेघ लहान होती, मी एकट्यानंच सूत मारलं, आखणी केली, ण रंगवायला घेतला. ण दिसायला गरीब आहे, काढायला हट्टी. पहिले दोन दांडे खाली वाटीसारखे जोडलेले, तिसरा अलग. तिघांतलं अंतर सारखं पडलं नाही की अक्षर लंगडतं. माझं काम होत आलं तोवर गयाबाई खाली बसून नुसती बघत होती. मग म्हणाली, "पेंटर, तेच अक्षर हाये न ते? बेबीचं?"

"हो, मावशी."

बुढी रडायलाच लागली. "अरे बापा, ज्यानं लेकराले नाव देलं नाई ते धंद्याले काय देईन? पोरगी हट्टी हाये, माह्यं आयकत नाई. तिनं दोन वर्सं धडपड केली या मशीनसाठी. समदं पान्यात जाईन. तू अस्सं कर, वरतं बारीकसं श्री काढ. मंग पयलं अक्षर श्रीचं झालं. तिले म्हन, हाताची आदत हाये."

बुढी सुनेचं वाईट चिंतत नव्हती. सुनेसाठीच रडत होती. आणि मी? मी विचार केला, बारीकसं श्री, कोणाचं काय जातं? बुढीचं मन राहील, सुनेचं अक्षर राहील, गाव गप्प राहील. दुसऱ्याच्या भांडणात शहाणपण दाखवायची मला भारी हौस. मी णच्या डोक्यावर चार बोटांचं श्री काढलं, सुरेख काढलं, आणि ब्रश धुवायला बसलो.

बेबीताई अकराला आली. पट्टा खांद्यावरच होता. भिंतीसमोर थांबली.

"हे कोनं सांगतलं?"

बुढी दारात उभी होती. मी म्हटलं, "कोणी नाही, ताई. हाताची आदत. चाळीस वर्षं झाली, हात आपोआप तिकडं जाते."

हे मी खोटं बोललो. तोंडावर, दिवसाढवळ्या, आणि पटकन बोललो.

ती म्हणाली, "भाऊ, माह्या अक्षराच्या डोक्यावर कोनी नोको. देवबी नोको." तिनं माझ्या पेटीवरची टर्पेंटाइनची चिंधी उचलली, स्टुलावर चढली आणि ओलं श्री पुसून काढलं. रंग पसरला, तिनं चिंधी फिरवून पुन्हा पुसलं. रस्त्यावर बसची वाट बघणाऱ्या चार-पाच बाया होत्या. सगळ्यांनी बघितलं.

"श्री पुसलं वं माय!" बुढीनं कपाळावर हात मारून घेतला. "सनासुदीच्या तोंडावर श्री पुसलं!"

मी तिथं उभा होतो. त्या वेळी दोन वाक्यं बोलायची होती. एक, की श्री माझ्या आदतीनं नाही, बुढीच्या सांगण्यावरून काढलं. दोन, की काढायलाच नको होतं. ती दोन वाक्यं माझ्या तोंडातून निघाली नाहीत. मी पेटी आवरली आणि स्कुटीला किक मारून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेबीताईच्या नवऱ्याचा फोन आला. तो टेम्पो चालवतो, स्वभावानं थंड माणूस. म्हणाला, "पेंटरभाऊ, आईनं सकाळीच अक्षरावर चुना फासला. गावात बोंब हाये का बेबीनं श्री पुसलं. बाया म्हन्तात, तिच्या कांडपात आमी मिरची नाई टाकत. अन् इनं मशीनले कुलूप लावलं. अक्षर नाई तं कांडन नाई, म्हन्ते. मी दोघीच्या मंधात पडत नाई बापा. तुमाले सांगून ठेवलं."

म्हणजे झालं असं की बाईनं आपल्या भिंतीवर आपलं अक्षर मागितलं होतं, आणि माझ्यामुळं ती देवाचं नाव पुसणारी बाई ठरली. मी श्री काढलंच नसतं तर तिनं पुसलं कशाला असतं? मिरचीचा हंगाम दोन महिन्यांचा. मिरची एकदा दुसऱ्याच्या कांडपात गेली की त्या वर्षी परत येत नाही. आणि मी घरात बसून टीव्ही बघत होतो.

दोन दिवस तसेच काढले. जेवताना बायकोनं विचारलं, "तुमाले काय झालं? घास चिवडून राह्यले." मी सांगितलं. तिनं भाकरी थापणं थांबवलं नाही. म्हणाली, "खोटं तुमी बोलले, अन् शिव्या तिनं खाऊन राह्यली. लिहाले येते, बोलाले येत नाई काय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी बांधली. कोणी बोलावलं नव्हतं. बोलावतील असं तोंडही मी ठेवलं नव्हतं. पण ठरवलं की आज इंझोरीहून परत येईन तेव्हा त्या भिंतीवर अक्षर असेल, नाही तर मी यापुढं ब्रशला हात लावणार नाही.

पोचलो तेव्हा बेबीताई उंबऱ्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. घरच्याच मिरच्या, पोतंभर. मागं मशीनच्या खोलीला कुलूप. भिंतीवर चुन्याचे जाड फटकारे, आणि त्या फटकाऱ्यांच्या खाली माझा ण काळसर दिसतच होता. इनॅमलवर चुना कधी बसत नाही, हे बुढीला कोण सांगणार? समोरच्या पारावर बाया होत्या, त्या माझ्याकडं वळून बघायला लागल्या.

मी पेटी खाली ठेवली आणि पारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी खोटं बोललो. श्री हाताच्या आदतीनं नाही आलं. मावशीनं सांगतलं होतं अन् मी तुमाले न इचारता काढलं. भीत तुमची, अक्षर तुमचं, अन् मी मंधात लुडबुड केली. पुसायची पाळी तुमच्यावर माह्यामुळं आली. दोष माहा हाये, तुमचा नाही."

बेबीताईनं देठ खुडणं सोडलं नाही. "मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "तुमी माह्याकडं न पाह्यता बोलले. मी वाट पाहून राह्यली होती, येता का नाई ते."

तेवढ्यात गयाबाई घरातून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. सरळ भिंतीकडं गेली आणि पाठ लावून उभी राहिली, जिथं अक्षर होतं बरोबर तिथं.

"सांगतलं मी. होय, मीच सांगतलं. अन् चुनाबी मीच फासला. काढ आता. माह्या आंगावरून काढ."

मी सूत काढून तसाच उभा राहिलो. आता पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला हाताला धरून कसं बाजूला करणार? आणि करायचंही नव्हतं. बेबीताईनं मला नुसती मान हलवून बसायची खूण केली. मी पेटीवर बसलो. ती मिरच्या खुडत राहिली. बुढी उभी राहिली. एक बस आली आणि गेली, पारावरची एकही बाई तिच्यात चढली नाही. ऊन भिंतीवर आलं. बुढीच्या पायाला कळ लागत होती, ती या पायावरून त्या पायावर होत होती, पण हटत नव्हती. सून तशीच. मी दोघींकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, या घरात मशीनला मोटर कशाला लावली? या दोघींच्या हट्टावरच चाललं असतं.

बऱ्याच वेळानं बेबीताई उठली. आतून पितळी गडव्यात पाणी आणलं आणि सासूपुढं धरलं. बुढीनं उभ्यानंच पाणी घेतलं.

"आई," बेबीताई म्हणाली, "तुमचं अक्षर कोनतं हो?"

"कायचं अक्षर?"

"राशीचं. जन्माचं."

गयाबाईनं गडवा खाली घेतला. तिला हा प्रश्न कोणी कधी विचारला नव्हता हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. "मले कोन पाह्यन अक्षर?" ती म्हणाली. "मी नांगरटीत झाली का पेरनीत, हेबी मायले आठवत नोतं. पाच पोरीवरची सहावी मी. कोनी पंचांगवाल्याकडं गेलं नाई, कोनी इचारलं नाई. आजी गयेले जाऊन आली होती, म्हनून गया म्हनलं. बस." मग म्हणाली, "तुह्या बापानं तं तुह्यं पाह्यलं तरी. काही का असेना, निघालं तरी एक."

आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्या दिवसासारखं सुनेसाठी नव्हतं.

बेबीताई तिच्या अगदी जवळ उभी होती. म्हणाली, "मंग माह्यं घ्या."

"काय?"

"माह्यं अक्षर घ्या, आई. एका घरात राह्यतो, एका चुलीवर खातो. अक्षर दोघीत एक पुरते."

बुढी चिडली. रडू आलं की चिडायची तिची पद्धत असावी. "तुह्यं उष्टं अक्षर मी घेऊ?"

"उष्टं कायचं?" बेबीताई म्हणाली. "पंचेचाळीस वर्सं झाले, कोनी वापरलंच नाई. कोरं हाये."

पारावरची एक बाई हसली आणि पदर तोंडात धरला. गयाबाईला मात्र हसू आलं नाही. ती तिथल्या तिथं हळूहळू वळली आणि भिंतीकडं तोंड केलं. चुन्याखालून काळा ण दिसत होता. तिनं एक बोट टेकवलं आणि पहिल्या दांड्यावरून खाली आणलं, मग वाटीसारख्या भागातून वर नेलं. तिसऱ्या दांड्याशी थांबली.

"हे अलग काहून हाये?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "ते तसंच असते, मावशी. पन वरची रेघ तिघाईलेही एकच."

तिनं मान वर करून ती रेघ शोधली. एक डोळा तर गेलेलाच, दुसरा बारीक करून बघत राहिली. मग पदरानं बोटाचा चुना पुसला, भिंतीपासून दोन पावलं मागं आली, आणखी दोन आली, रस्त्याच्या कडेपर्यंत गेली. तिथून माझ्यावर खेकसली, "एवढंसं कायले काढलं होतं रे? अथून मले दिसत नाई. मोठं काढ."

बेबीताईनं कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडायला गेली. मी सूत भिजवलं. एक टोक मी धरलं, दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, तर गयाबाई आली आणि तिनं धरलं.